अझेलिया: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी फेब्रुवारीत माझ्या स्टेटसला अझेलियाचे फोटो गेले की पुढचे दोन महिने मेसेज थांबत नाहीत, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून या वेळी सगळं एकत्र लिहून काढलं. माझं झाड साताऱ्यात आहे. पाचगणीला आत्याच्या अंगणात जुना अझेलिया आहे, त्याच्याच फांदीपासून मी रोप केलं, आणि दुसरी फांदी गेली सांगलीला विश्रामबागला माझ्या नणंदेकडे. म्हणजे झाड एकच, पण तीन गावांत तीन तऱ्हेने वागतंय. खालची बरीच उत्तरं या तीन झाडांकडे बघूनच आलीत.

अझेलिया म्हणजे नक्की काय? जास्वंदीसारखंच झुडूप का?

झुडूपच, पण घराणं वेगळं. हिमालयात जो लालभडक बुरांस फुलतो, ज्याला नेपाळमध्ये लालीगुरांस म्हणतात आणि जे त्यांचं राष्ट्रीय फूल आहे, ते ऱ्होडोडेंड्रॉन आणि आपला अझेलिया एकाच वंशातले. लिनियसने १७५३ मध्ये अझेलियाला वेगळं धरलं होतं, नंतर १८३४ मध्ये जॉर्ज डॉनने दोन्ही एकत्र केले, पण बागेत लोक अजून वेगळंच नाव घेतात. घरी ओळखायचं असेल तर फुलातले पुंकेसर मोजा. अझेलियाला बहुतेक पाच असतात आणि ऱ्होडोडेंड्रॉनला दहा किंवा जास्त. पानं पण बघा, अझेलियाची लहान, पातळ, हात फिरवला तर बारीक लव लागते, त्या मोठ्या भावाची जाड चामड्यासारखी.

नर्सरीत जो कुंडीतला मिळतो तो बहुतेक सिम्सी जातीपासून केलेला संकर असतो. मूळ चीनकडचा, बेल्जियममध्ये त्याचे शेकडो प्रकार तयार झाले. त्याला 'इंडियन अझेलिया' म्हणतात पण भारताशी त्याचा मुळात संबंध नाही, त्यामुळे 'इंडियन आहे म्हणजे आपल्या हवेत चालेल' असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर घेऊ नका.

आमच्या गोठ्यात अझोला आहे, तोच का हा?

नाही नाही नाही. हा प्रश्न दर महिन्याला येतो म्हणून इतक्या वर घेतलाय. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक हिरवं शेवाळासारखं दिसणारं नेचं, ते गाईम्हशींना, कोंबड्यांना खाद्य म्हणून देतात. अझेलिया हे फुलझाड आहे आणि जनावरांना विषारी आहे. नावातल्या सारखेपणावरून कुणी छाटलेल्या फांद्या गव्हाणीत टाकू नयेत. विषाचं सविस्तर खाली लिहिलंय, शेळीच्या प्रश्नात.

एवढं काय आहे त्या फुलात? बोगनवेल पण भरून फुलतेच की.

फुलते, आणि माझ्या गेटवर पण आहे, मला आवडते. पण बोगनवेलीचा जो रंग दिसतो तो फुलाभोवतीच्या रंगीत पानांचा असतो, कागदासारखा कोरडा, आणि महिनोन्महिने राहतो म्हणून आपण हळूहळू त्याच्याकडे बघणंच सोडतो. अझेलियाचं तसं नाही. अकरा महिने ते एक साधं हिरवं झुडूप असतं, पाहुणे आले तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष पण जात नाही, आणि मग एका आठवड्यात पान दिसेनासं होतं, म्हणजे अक्षरशः, फांदी कुठे आहे ते हाताने चाचपून बघावं लागतं, नुसती फुलंच फुलं.

एक फूल हातात घेऊन बघा. पाच पाकळ्या खाली जोडलेल्या असतात, त्यामुळे ते नरसाळ्यासारखं असतं, आणि वरच्या पाकळीवर आत गडद ठिपक्यांची नक्षी असते. ती नक्षी मधमाशीला वाट दाखवायला आहे, मध कुठे आहे त्याची खूण. पाकळी इतकी पातळ की सकाळी साडेसातला ऊन मागून आलं की शिरा न् शिरा दिसते. माझ्याकडचं गुलाबी आहे, आतून थोडं केशरीकडे झुकणारं, आणि ते मी मुद्दाम तुळशीच्या मागे पूर्वेला ठेवलंय म्हणजे स्वयंपाकघरातून चहा टाकताना उन्हातलं दिसतं. नणंदेकडे तिने नंतर एक पांढरं आणलं. पांढऱ्याची वेळ वेगळी, ते संध्याकाळी बघायचं, दिवेलागणीला सगळ्या बागेचे रंग विझत जातात आणि पांढरा अझेलिया तेवढा उजळत राहतो, लाइट लावूच नये असं वाटतं.

आणि गळतं ते पण छान. पाकळी पाकळी नाही गळत, अख्खं फूल सुटतं आणि झाडाखाली पडतं. आत्याकडे अंगणातल्या फरशीवर सडा पडतो तो ती दुपारपर्यंत झाडत नाही.

आपल्याकडे कधी फुलतं? किती दिवस?

पाचगणीला साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत, माझ्याकडे साताऱ्यात फेब्रुवारीतच जोर असतो आणि पाडव्याच्या आधी संपतं. सांगलीत जानेवारीच्या शेवटी चार फुलं, मग थांबतं, मग पुन्हा चार, असं तुटक तुटक. ते का होतं ते कळ्यांच्या प्रश्नात आहे. एक फूल गारव्यात आठ-दहा दिवस टिकतं, उन्हाचा तडाखा बसला तर तीन दिवसांत मऊ पडतं. पूर्ण बहर धरला तर तीन आठवडे. थंडी लांबली की बहर लांबतो.

साताऱ्यात आणि सांगलीत खरंच जगतं का? खरं सांगा, पैसे वाया नको.

खरंच सांगते. पाचगणी-महाबळेश्वरला जमिनीत लावा, जगेल आणि मोठं होईल. उंची तेराशे मीटरच्या आसपास, तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी, धुकं, गारवा, सगळं त्याच्या मनासारखं. फक्त तिथला पाऊस प्रचंड, त्याचं वेगळं उत्तर खाली आहे.

सातारा शहरात कुंडीत जगतं, फुलतं, पण तुम्हाला पाणी आणि माती सांभाळावी लागते. वाई, कराड, पाटण इथल्यांनी पण हेच समजायचं, फक्त कराडला उन्हाळा जास्त तापतो म्हणून सावलीची तयारी जास्त.

सांगली, मिरज, तासगाव, इथे अवघड आहे. अशक्य नाही, नणंदेचं झाड सहा वर्षं आहे. पण तिथे काळी चुनखडीची माती, बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मेचं ऊन, तिन्ही एकदम त्याच्या विरुद्ध. ज्यांना रोज दोन मिनिटं बघायला जमणार नाही त्यांनी सांगलीत घेऊ नये असं माझं मत आहे, कारण ते मरताना बघवत नाही.

आणि एक मात्र लक्षात ठेवा, लोक म्हणतात ऊन मारतं. ऊन मारतंच, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त अझेलिया मारलेत ते पाण्याने. कमी पाण्याने पण नाही, चुकीच्या पाण्याने.

पाणी कुठलं घालायचं? बोअरचं चालेल का?

बोअरचं जड पाणी नाही चालत. माझं पहिलं झाड मी याच्यातच घालवलं, रोज प्रेमाने बोअरचं पाणी घालत होते आणि ते आठ महिन्यांत पिवळं पडून गेलं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं म्हणून आता मी सगळ्यांना सांगते.

कारण असं की अझेलियाला आम्लधर्मी माती लागते, पीएच (म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साडेचार ते सहाच्या मधे. त्या मातीतच त्याच्या मुळांना लोह घेता येतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात, रोज घातलं की कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी होते. तुम्ही कितीही चांगलं मिश्रण भरून लावा, सहा महिन्यांत पाणी ते बदलून टाकतं.

तुमचं पाणी जड आहे का हे लॅबशिवाय पण कळतं. साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडाला खडू साचतो. यातलं काही असेल तर ते पाणी अझेलियाला नको.

सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. मी पत्र्याच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचे दोन ड्रम ठेवते, पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं (पत्र्यावरची घाण असते), मग भरून झाकण लावून ठेवायचे, डासांसाठी वर कापड बांधायचं. एका मध्यम कुंडीला रोज अर्धा लिटर धरला तरी चारशे लिटर आठशे दिवस पुरेल असं गणित होतं, उन्हाळ्यात जास्त लागतं आणि मुळात एक झाड कुणाकडे एकटं राहत नाही, पण एका झाडाला वर्ष आरामात निघतं. साताऱ्यात ज्या भागात कास तलावाचं नळाचं पाणी येतं त्यांनी भांड्याचा थर बघून ठरवा, माझ्याकडे थर बसत नाही म्हणून पावसाचं संपलं की मी तेच वापरते. सांगलीत नळाचं पाणी घालायचं असेल तर उकळून, गार करून, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वरचं घालायचं, उकळल्याने जडपणा सगळा नाही पण बराचसा खाली बसतो.

एसीचं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी, सॉफ्टनरचं पाणी, यातलं काय चालतं?

एसीच्या नळीतून ठिबकतं ते चालतं, ती हवेतली वाफ आहे, त्यात क्षार जवळपास नसतात. सांगलीची नणंद उन्हाळाभर तेच घालते, बादली खाली ठेवायची बस.

आरओचं वाया जाणारं पाणी अजिबात नाही. आरओ क्षार काढून त्या पाण्यातच टाकतो, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं झालं. पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे, ते फरशी पुसायला वापरा. सॉफ्टनरचं पण नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि ते मुळांना आणखी वाईट.

आमची काळी माती आहे, एकदम सुपीक, ऊस बघा कसा येतो. त्यात लावू का?

ऊस येतो तो वेगळा, हे वेगळं. काळ्या मातीत चुना असतो, ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, अझेलियाची मुळं मात्र केसासारखी बारीक आणि वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात, त्यांना भुसभुशीत, हवा खेळती, पालापाचोळ्याची माती लागते. काळ्या मातीत खड्डा करून त्यात चांगली माती भरली तरी बाजूचा चुना पाण्याबरोबर आत येतो. तेव्हा सातारा-सांगलीच्या सपाटीला कुंडीच.

मी भरते ते मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेला पानांचा चुरा, एक भाग बारीक झाडसाल किंवा भाताचं जळकं नसलेलं तूस, आणि मूठभर गांडूळखत. कोकोपीट धुवायचंच, त्यात मीठ असतं, दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या. कुंडी उथळ आणि पसरट घ्या, खोल नको. आणि सिमेंटची कुंडी नको, तिच्यातून चुना सुटतो. मातीची किंवा साधी प्लॅस्टिकची. त्याच कारणाने नुकत्या चुना मारलेल्या भिंतीला चिकटवून पण ठेवू नका.

वरती वाळलेल्या पानांचा दोन बोटं थर द्या पण खोडाला लागू देऊ नका. खुरपी लावायची नाही. मुळं वर असतात, खुरपलं की तुटली.

मग महाबळेश्वरची लाल माती पोतं भरून आणली तर?

माती चांगली आहे पण जंगलातून किंवा रस्त्याकडेने उकरून आणू नका. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, आणि नियम नसता तरी तो मातीचा थर तयार व्हायला किती काळ गेला असेल ते बघा. ओळखीच्या कुणाच्या स्वतःच्या रानातली थोडी मिळाली तर मिश्रणात एक भाग घाला. नुसत्या लाल मातीत कुंडी भरली तर ती घट्ट बसते. आत्याकडून मी माती आणत नाही, सिल्व्हर ओकची पडलेली पानं आणते पोतंभर, ती वर्षभर कुजवते.

नर्सरीतून फुललेलं आणलं, तीन आठवड्यांत वाळलं. पाणी तर रोज घालत होतो.

हे इतक्या जणांचं होतं की मला वाटतं निम्मे अझेलिया असेच जातात. नर्सरीचं रोप बहुतेक पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळात) किंवा कोकोपीटमध्ये घट्ट वाढवलेलं असतं, मुळांचा एकच गोळा झालेला असतो. तो गोळा एकदा पूर्ण कोरडा झाला की पाणी आत घेतच नाही, तुम्ही वरून घातलेलं कडेने उतरून खाली ताटलीत येतं, तुम्हाला वाटतं पाणी पोचलं आणि आत मुळं कोरडीच.

आणल्या दिवशी कुंडीसकट बादलीत बुडवून ठेवा, वर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, वीस मिनिटं-अर्धा तास. मग निथळू द्या. पुढे पण कुंडी उचलून बघायची सवय लावा, हलकी लागली की पुन्हा बुडवायची. फुललेलं असताना कुंडी बदलू नका, बहर संपल्यावर बदला, आणि तेव्हा गोळ्याच्या कडेची मुळं बोटांनी थोडी मोकळी करा नाहीतर ती नवीन मातीत शिरतच नाहीत.

पानं पिवळी झालीत पण शिरा हिरव्या आहेत. काय रोग?

रोग नाही, आपल्याकडे शेतात ज्याला केवडा पडला म्हणतात तेच. लोह कमी पडलंय. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना आणि भुईमूगवाल्यांना हे लगेच कळतं. नवीन शेंड्याची पानं आधी पिवळी होतात, जुनी खालची हिरवी राहतात, ही खूण.

बहुतेक वेळा मातीत लोह असतं पण पीएच वाढल्यामुळे मुळांना घेता येत नाही. म्हणून नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून काम होत नाही, अल्कधर्मी मातीत ते पण लगेच अडकून बसतं. चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, त्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ते चढ्या पीएचला पण टिकतं, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरू करा. त्याने पंधरा दिवसांत नवीन पान हिरवं येतं. पण ते औषध झालं, कारण पाण्यात आहे, ते बदला (वरचा पाण्याचा प्रश्न).

खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर तो केवडा नाही, ते नत्र कमी पडल्याने किंवा मुळं कुजल्याने. कुंडीतून काढून बघा, मुळं तपकिरी, मऊ आणि वास येत असेल तर पाणी जास्त झालंय.

चहाचा चोथा, लिंबू, ताक, व्हिनेगर घातलं तर माती आंबट होते ना?

चहाचा चोथा दूध-साखरेचा असेल तर मुंग्या आणि बुरशी. धुऊन वाळवून पानांच्या थरात मिसळला तर चालतो, पण पीएचवर फरक नावापुरताच. ताक नको. लिंबू किंवा व्हिनेगर थेट मातीत ओतू नका, मुळं भाजतात. पाण्यातला जडपणा मारायला बादलीभर पाण्यात थोडंसं लिंबू पिळणं चालतं, पण किती ते पीएचच्या पट्टीने बघूनच, पाणी सहाच्या आसपास आलं की थांबायचं.

टिकाऊ उपाय गंधकाचा. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्याला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आज घालून उद्या बघायचं नाही. कुंडीला एक चहाचा चमचा, वर्षातून दोनदा, एवढंच मी घालते. राख, चुना, अंड्याची टरफलं, हाडांचं खत यातलं काहीही अझेलियाला नको, ही सगळी उलटी दिशा आहे. गुलाबाला जे घालता ते याला नाही.

खत कुठलं?

कमी. बहर संपल्यावर आणि जूनमध्ये अमोनियम सल्फेट, पाच लिटर पाण्यात एक चमचा, माती ओली असताना. मधे गांडूळखत. कोंबडीखत कधीच नाही. कळ्या धरल्यावर खत बंद.

ऊन किती?

सकाळी दहापर्यंतचं कोवळं ऊन आणि मग सावली. पूर्ण सावलीत ठेवलं तर जगतं पण फुलत नाही. मार्च ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी नेट, किंवा आंब्या-पेरूच्या झाडाखाली. गच्चीवर असेल तर कुंडी थेट स्लॅबवर नको, स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला असतो, विटांवर ठेवा. सांगलीत नणंद मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधे ओला पालापाचोळा भरते, मे महिना तेवढ्यावर निघतो.

पावसाळ्यात काय करायचं?

साताऱ्यात पावसात ठेवा, तेच त्याचं खरं पाणी, फक्त खालची ताटली काढा आणि भोक बुजलं नाही ना ते बघा. पाचगणी-महाबळेश्वरला मात्र महिनाभर सूर्य दिसत नाही, तिथे जमिनीत लावताना वाफा वीतभर उंच करा किंवा उतारावर लावा, खड्ड्यात तर नाहीच. आत्याचं झाड पायरीच्या कडेच्या उतारावर आहे, ते इतकी वर्षं टिकलं त्याचं कारण माझ्या मते तेच.

छाटणी कधी? मी दिवाळीत केली आणि फूलच आलं नाही.

दिवाळीत केली म्हणजे कळ्याच कापल्या. अझेलिया पुढच्या वर्षाची कळी याच वर्षी, बहरानंतर आलेल्या नव्या फांदीच्या शेंड्यावर धरतो, पावसाळा संपेपर्यंत ती आत तयार असते. म्हणून छाटायचं ते फुलं संपली की लगेच, आपल्याकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आत. नंतर कात्री लावायची नाही. सुकलेली फुलं हाताने खुडून टाका, बी धरण्यात जोर जाऊ देऊ नका.

झाड खूप उंच, बुडाशी बोडकं झालं असेल तर एकदम सगळं न छाटता तीन वर्षांत तिसरा तिसरा हिस्सा खाली घ्या.

कळ्या भरपूर, पण उघडत नाहीत, तपकिरी होऊन गळतात.

तीन कारणं. एक, डिसेंबर-जानेवारीत कुंडी कोरडी पडली, थंडीत लोक पाणी विसरतात. दोन, कळी फुगलेली असताना जागा बदलली किंवा हॉलमध्ये पंख्याखाली आणली. तीन, गारवा कमी पडला.

तिसरं नीट सांगते. कळी धरून झाल्यावर ती झोपलेली असते आणि तिला उठायला काही आठवडे गार रात्री लागतात, दहा अंशांच्या खालच्या असल्या तर उत्तम. पाचगणीला ते बऱ्यापैकी मिळतं, साताऱ्यात काही रात्री, सांगलीत थोडंच. गारवा अर्धा मिळाला की काही कळ्या उठतात, काही झोपूनच राहतात, म्हणून सांगलीत बहर तुटक. त्यावर उपाय एवढाच की नोव्हेंबर ते जानेवारी झाड रात्री उघड्या आकाशाखाली ठेवायचं, भिंतीपासून लांब, घरात घ्यायचं नाही. थंडी वाजेल म्हणून लोक आत घेतात, त्याला ती थंडीच हवी असते.

ऑनलाइन निळ्या अझेलियाचं बी मिळतंय, मागवू का?

नका. खरा निळा अझेलिया नसतो, जांभळ्यापर्यंत रंग जातो. पिवळा-केशरी असतो पण तो पानगळीच्या जातींमध्ये, त्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त थंडी लागते. शिवाय बी धुळीसारखं बारीक, त्यापासून फूल यायला कित्येक वर्षं.

रोप करायचं तर फांदीपासून. जून-जुलैत, यंदाची फांदी जी वाकवली तर लवते पण अगदी कोवळी नाही, चार बोटं लांब तोडा, खालची पानं काढा, कोकोपीट आणि परलाइटमध्ये (पांढरे हलके दाणे मिळतात ते) खोचा, वर पारदर्शक डबा उपडा घाला, सावलीत ठेवा. दोन महिन्यांनी हळूच ओढून बघा, अडलं तर मूळ धरलं. मी सहा खोचल्या होत्या, तीन धरल्या.

शेळीने चार पानं खाल्ली. काही होईल का? घरात लहान मूल आणि मांजर पण आहे.

आत्ता हे वाचत असाल तर आधी पशुवैद्यकाला फोन करा, मग पुढचं वाचा. पान, फूल, मध, सगळ्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. तोंडाला लाळ, उलटी, लटपटणं, हृदयाचे ठोके मंद होणं, अशी लक्षणं काही तासांत दिसतात. शेळ्या-मेंढ्यांना थोडं पण पुरतं. मांजर-कुत्र्याला पण तेच. मुलाने तोंडात घातलं तर तोंड धुवा, काय खाल्लं त्याचं पान बरोबर घ्या आणि डॉक्टरकडे जा, घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका.

छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर किंवा कुंपणाबाहेर टाकू नका, जिथे जनावर चरतं. मी खड्ड्यात पुरते. हात लावल्याने, फूल हुंगल्याने काही होत नाही, भीती तेवढी नको.

मग महाबळेश्वरचा मध? आणि बुरांसचं सरबत लोक पितातच ना?

तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्याला ऱ्होडोडेंड्रॉनची रानंच्या रानं आहेत, तिथल्या मधाने इसवी सनपूर्व ४०१ मध्ये ग्रीक सैनिक आजारी पडल्याची नोंद झेनोफोन या ग्रीक लेखकाने केलीय. आपल्याकडे तशी रानं नाहीत. महाबळेश्वरच्या माश्या जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्यावर जातात, आणि मांघर, जे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते पण तिथेच आहे. चार बंगल्यांतल्या अझेलियाने त्या मधाला काही होत नाही, निर्धास्त खा.

बुरांस ही वेगळी जात आहे आणि उत्तराखंडात तिच्या पाकळ्यांचं सरबत पूर्वीपासून करतात. त्यावरून अझेलियाच्या पाकळ्यांचं करू नका. पूजेला वाहायला हरकत नाही, पण प्रसादाच्या ताटात, नैवेद्यावर सजावट म्हणून नको.

पानावर पांढरे ठिपके ठिपके आलेत.

पान उलटं करा. खाली काळे चकचकीत ठिपके असतील तर लेस बग नावाचा किडा, बारीक जाळी असेल तर लाल कोळी. दोन्ही उन्हात ठेवलेल्या झाडाला जास्त होतात. आधी सावलीत घ्या, पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा, मग आठवड्याने निंबोळी तेल, संध्याकाळी. फुलं असताना फवारू नका, पाकळीवर डाग पडतात.

सह्याद्रीत जंगली अझेलिया आहे का? कासला लावला तर किती छान दिसेल.

आपल्या सह्याद्रीत नाही. पश्चिम घाटात ऱ्होडोडेंड्रॉन थेट खाली निलगिरीत आणि पळणी, अनैमलैच्या डोंगरात भेटतो, तो लाल फुलांचा. आणि कासला कृपा करून बाहेरचं काहीही लावू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे ते तिथल्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) स्वतःच्या फुलांसाठी.

वसंतात डोंगर बघायचाच असेल तर महाबळेश्वरला अंजनी फुलते तेव्हा जा, मार्च-एप्रिलमध्ये, फांदीला चिकटून निळी-जांभळी फुलं. सागरेश्वरच्या बाजूला पळस बघा. यांना आपण पाणी घालत नाही तरी ते फुलतात.

भरगच्च अझेलिया बघायला कुठे जाऊ?

दार्जिलिंग, सिक्कीम, शिलाँग, मार्च ते मे. पश्चिम सिक्कीमचं बर्से ऱ्होडोडेंड्रॉन अभयारण्य एप्रिलमध्ये. परदेशात जाणं होत असेल तर तोक्योचं नेझू मंदिर, तिथे टेकडीवर गोल छाटलेले अझेलिया एप्रिलमध्ये फुलतात, आणि लंडनला रिचमंड पार्कमधलं इझाबेला प्लांटेशन, तिथे तळ्याच्या कडेने असल्याने फुलं पाण्यात पण दिसतात.

बहरात आहे आणि दहा दिवस गावाला जायचंय.

सावलीत हलवा, पण घरात नाही. बुडवून निथळून घ्या, वर ओला पालापाचोळा जाड द्या. बाटलीला भोक पाडून उलटी खोचायची असेल तर त्यात पण पावसाचंच पाणी. शेजारच्या काकूंना सांगून जात असाल तर पाण्याचा ड्रम दाखवून जा, नाहीतर त्या मायेने बोअरचं घालतात.

एकाच झाडावर एका फांदीला वेगळ्या रंगाचं फूल आलंय. कलम केलेलं होतं का? करणी वगैरे म्हणतायत घरात.

करणी नाही. अझेलियात हे बऱ्याचदा होतं, एका कळीच्या पेशीत आपोआप बदल होतो आणि त्या फांदीला वेगळा रंग किंवा पट्टा येतो. अझेलियाच्या कित्येक जाती अशाच सापडलेल्या आहेत, कुणीतरी ती फांदी ओळखून तिचं रोप केलं. फांदीला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे फुलं गेल्यावर ओळखू येईल, आणि जूनमध्ये तिच्यापासून चार-पाच रोपं करा (कशी ते बियाण्याच्या प्रश्नात आहे). नको असेल तर बुडापासून कापा, नाहीतर कधी कधी ती जोर धरते आणि मूळ रंग मागे पडतो. आत्याच्या झाडाला गेल्या वर्षी एका फांदीवर गुलाबीत पांढरी कड आलीय, ऐंशीव्या वर्षी तिने स्वतः त्याला लाल दोरा बांधलाय, आणि येत्या जूनला त्याची पहिली फांदी माझ्याकडे यायची आहे.